केना, मावा आणि फ्रान्सचा व्हिसा : पदवीला असतानाच परदेशात संशोधन, खानदेशातल्या मुलांसाठी धागा

मृगबाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या पंधरवड्यात एकाच प्रश्नासाठी मला नऊ फोन आले. फैजपूर, पाचोरा, साक्री, एक तर थेट तळोद्याहून. "ताई, तू फ्रान्सला कोणत्या एजंटकडून गेलीस?" एजंट कोणीच नव्हता. प्रत्येकाला फोनवर तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहिते.

मी रावेर तालुक्यातली, घरी केळी. बीएस्सी अ‍ॅग्रीच्या सहाव्या सेमिस्टरनंतर तीन महिने दक्षिण फ्रान्समधल्या एका वनस्पती-विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करून आले, शार्पाक लॅब शिष्यवृत्तीवर. ती भारतातला फ्रेंच दूतावास देतो. नाव जॉर्ज शार्पाक यांचं, १९९२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. दरमहा खर्चाला भत्ता मिळतो, व्हिसाची फी माफ होते. विमानाचं तिकीट मात्र मला घरून काढावं लागलं. बाबांनी पिलबागेच्या, म्हणजे केळीच्या खोडव्याच्या पैशातून दिलं.

आधी माझ्या संशोधनाच्या प्रश्नाबद्दल सांगते, कारण फोन करणाऱ्या नऊजणांपैकी एकानेही ते विचारलं नाही.

मी बारावीला असताना आमच्या मृगबागेवर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीवर, हरण्या रोग आला. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा. कोवळ्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे, पान आखडतं, मग पोंगा (मधलं न उघडलेलं पान) सडतो. श्रावणातल्या झिमझिमीत दोन आठवड्यांत निम्मी बाग गेली. झाडं उपटून बांधावर ढीग लावला, तेव्हा बाबा म्हणाले, "केळीवर तर मावा दिसला नाही मला एकदाही. मग हा रोग आणला कोणी?" कृषी सहायक म्हणाले मावा, म्हणजे रस शोषणारा बारीक किडाच, पसरवतो, फवारणी करा. फवारणी केली. काही उपयोग झाला नाही.

बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कॉलेजात गेल्यावर वाचलं की हा विषाणू हजारावर जातींच्या वनस्पतींवर जगतो, आणि त्याला वाहणारा मावा केळीवर वस्ती करतच नाही. कपाशीवरचा मावा उडत येतो, केळीच्या पानात क्षणभर सोंड खुपसतो, चव आवडली नाही की पुढे जातो. तेवढ्यात विषाणू झाडात उतरलेला असतो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणजे बाबांनी पाहिलं ते खरं होतं आणि सहायकांनी सांगितलं तेही खरं होतं. मग उरलेला प्रश्न असा, की बागेत केळी नसते, कपाशीही उपटलेली असते, त्या उन्हाळ्यात विषाणू राहतो कुठे? आमच्या बांधावर पाटाच्या ओलीला केना वर्षभर हिरवा असतो. केना हे या विषाणूचं ठरलेलं आश्रयाचं तण आहे, हे पुस्तकात आहेच. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी आमच्या आणि शेजारच्या चार शेतांच्या बांधांवरची तणं दर रविवारी वहीत मांडायला लागले. कोणतं तण, कुठे, पानावर पट्टे आहेत का, मावा आहे का. शंभर पानी वही. पुढे मला जे काही मिळालं ते या वहीमुळे मिळालं.

मेल लिहिली तेव्हा बायोडाटाखाली त्या वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले. एकतीस मेल पाठवल्या. सहा उत्तरं आली, त्यांतली चार नकाराची. एका मॅडमनी लिहिलं, "तण आणि पीक यांच्यातून उचललेला विषाणू मावा किती वेळ बाळगतो, यावर आमच्याकडेही काम अपुरं आहे. तू स्वतःची मांडणी करून पाठव." पाच पानांची मांडणी चार वेळा परत आली. पाचव्यांदा स्वीकारपत्र आलं. त्या पत्राशिवाय शार्पाकचा अर्जच करता येत नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. मी जवळून पाहिलेल्या दहा-बारा मुलामुलींचे मार्क पुरेसे होते, तरी संधी हुकली. कोणाचा पासपोर्ट नव्हता. कोणाला जाहिरात कळली तेव्हा मुदत संपून महिना झालेला. कोणाची परीक्षा पुढे ढकलली गेली आणि तारीख आदळली. माझंही तेच होणार होतं. आमच्या सहाव्या सेमिस्टरची परीक्षा जूनमध्ये सरकली आणि लॅबला मी १ जून कळवलेला. रात्री अकराला रडत मेल लिहिली. सकाळी उत्तर आलं, "१७ला ये." विचारलं नसतं तर सगळं हातचं गेलं असतं. सातव्या सेमिस्टरला रावे (गावात राहून शेतीचा प्रत्यक्ष अनुभव) असतं, त्याचे सुरुवातीचे दिवस बुडणार होते. त्याची लेखी परवानगी मिळवायला सात खेपा झाल्या, कारण असलं पत्र आमच्या ऑफिसात कोणी कधी टाइप केलेलंच नव्हतं. शेवटी मसुदा मीच लिहून नेला.

म्हणून दुसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढून ठेवा. जळगावला पोस्टातच केंद्र आहे, नाशिक-मुंबई करायची गरज नाही. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन इंटर्नशिपचे अर्ज गणपतीच्या दिवसांत चालू असतात. बारा आठवड्यांचं काम असतं, मे ते ऑक्टोबरच्या मध्ये केव्हातरी. जर्मनीच्या डीएएडी संस्थेच्या वाइज शिष्यवृत्तीचं दिवाळीच्या आसपास बघावं लागतं. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची तयारी आदल्या पावसाळ्यात. आपल्याकडे मार्चमध्ये "सुट्टीत काय करायचं" सुरू होतं, तोवर सगळी दारं लागलेली असतात.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल तेवढं सांगेन.

तापीपार

ताई, आधी अभिनंदन. मी शिरपूरचा. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. हाई तुम्ही लिखेल शे ते मना पोऱ्या रोज ईचारस, म्हणून थेट विचारतो. त्याला एक मेल आली आहे. "तुमची परदेशातल्या संशोधन इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे, जागा पक्की करायला इतके पैसे भरा." रक्कम लाखाच्या वर आहे. सर्टिफिकेट मिळेल म्हणतात. पोरगा हट्टाला पेटलाय. खरं आहे का हे?

मृगबाग

काका, पैसे भरू नका. अर्ज केला नाही आणि निवड झाली, हीच पहिली खूण. शिष्यवृत्ती आपल्याला पैसे देते, आपल्याकडून मागत नाही. काही ठिकाणी पैसे घेऊन खरोखर नेतात, फिरवतात, दोन व्याख्यानं देतात आणि प्रमाणपत्र देतात. तो अभ्यासदौरा झाला, संशोधन नाही. मुलाला एवढंच विचारा की तिथे गेल्यावर तुझा प्रोफेसर कोण आणि तुझा प्रश्न काय. दोन्हीची उत्तरं त्या मेलमध्ये नसतील.

भुसावळ जंक्शन

धागा वाचून इतकं बरं वाटलं. मी जर्मनीत पीएचडी करतोय, पदवीला असताना वाइजवर इथेच तीन महिने येऊन गेलो होतो. थोडी भर घालतो.

वाइज मुख्यतः विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आहे. कोणत्या संस्थांचे विद्यार्थी अर्ज करू शकतात याच्या अटी आहेत, त्या आधी वाचा, नाहीतर दोन महिने मेल लिहिण्यात जातात आणि मग कळतं की आपलं कॉलेज त्यात बसत नाही. माझ्या एका मित्राचं असंच झालं. तसं असेल तर मिटॅक्सकडे बघा. तिथे संस्थेच्या नावापेक्षा गुणांची अट महत्त्वाची, साधारण दहापैकी आठच्या वर सीजीपीए हवा. पण एक फरक लक्षात घ्या. मिटॅक्समध्ये कॅनडातल्या प्रोफेसरांनी आधीच मांडलेल्या प्रकल्पांतून आपण निवडतो. वाइज किंवा शार्पाकमध्ये यजमान आपणच शोधायचा असतो, त्यामुळे स्वतःचा प्रश्न घेऊन जायला वाव जास्त. जपानला ओकिनावातल्या ओआयएसटी या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतही पदवीच्या मुलांना इंटर्नशिप असते. राहण्याचा, प्रवासाचा खर्च ते करतात आणि रोजचा भत्ता देतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेचा उन्हाळी कार्यक्रम फिजिक्स, कॉम्प्युटर, इंजिनिअरिंगवाल्यांनी बघावा. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

एका ठिकाणी मात्र वेळ घालवू नका. अमेरिकेच्या एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आरईयू (पदवीच्या मुलांसाठी संशोधन) कार्यक्रमाच्या जाहिराती गूगलवर सगळ्यात वर येतात. त्यांचा भत्ता अमेरिकी नागरिकांना आणि तिथे कायमचा रहिवास असलेल्यांनाच मिळतो. मी स्वतः एक अख्खी दिवाळीची सुट्टी त्या अर्जांत घालवली आहे.

मेलबद्दल. "रिस्पेक्टेड सर" लिहून शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. समोर मॅडम असतात आणि आपण "सर" लिहितो, मेल तिथेच संपते. आता मी इथे असताना माझ्या गाईडना आलेल्या अशा मेल पाहतो. रोज येतात. त्यातली एखादी वाचली जाते ती या कारणाने, की पाठवणाऱ्याने त्यांचा एक पेपर खरोखर वाचलेला असतो आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल विचारलेलं असतं. धागाकर्तीच्या वहीचे फोटो हे त्याच्याही पुढचं पाऊल. मला कोणी बांधावरच्या तणांची वही पाठवली असती तर मीही उत्तर दिलं असतं.

चोपडेकर आई

बाळ, तुझं लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी मायक्रोबायोलॉजीला आहे. मला विचारायचं आहे ते साधं आहे. एकटी कशी राहिलीस? खायचं काय? आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. तिचे आजोबा म्हणतात, एवढ्या लांब मुलीला पाठवायचं कशाला.

मृगबाग

काकू, माझी आजीही हेच म्हणाली होती. निघायच्या आदल्या रात्री तीच दोन वाजेपर्यंत पीठ चाळत बसली.

मी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ चार किलो, काळा मसाला, शेव आणि लसणाची चटणी नेली. तूप नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली होती, सामायिक स्वयंपाकघर. पहिल्या आठवड्यात मी भाकरी थापत होते तेव्हा आवाज ऐकून शेजारची ब्राझीलची मुलगी धावत आली, तिला वाटलं काही पडलं. नंतर दर शनिवारी ती यायची. भरताला वांगं आपल्यासारखं मिळत नाही, पण मोठं जांभळं मिळतं, ते ओव्हनमध्ये भाजून चालवलं.

भीती खाण्याची नव्हती, पहिल्या महिन्याच्या पैशांची होती. भत्ता सुरू होण्याआधी तिथे बँकेत खातं उघडावं लागतं, त्याला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याच्या पुराव्याला भाडं भरल्याची पावती लागते. माझा पहिला भत्ता चौथ्या आठवड्याच्या शेवटी हातात आला. तोपर्यंत घरून नेलेल्या पैशांवर काढलं. शिष्यवृत्ती पूर्ण असली तरी महिनाभराचे पैसे जवळ ठेवूनच निघा, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि प्रवास विमा. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं संरक्षण लागतं. ते कागद फाइलमध्ये सर्वात वर ठेवा.

एकटेपणाचं म्हणाल तर संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असायचा, त्यामुळे दिवस संपतच नाही असं वाटायचं. रविवारी सगळं बंद. त्या दिवशी बाबा व्हिडिओ कॉलवर बागेतून फिरायचे आणि मी तण ओळखायचे. आजोबांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

नवती

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी यावलचा शेतकरी. अशा संशोधनातून केळीवाल्याला काय मिळालं? तुम्ही फ्रान्सला गेलात, आनंद आहे. पण हरण्या यंदाही आलाच ना आमच्याकडे. परदेशाच्या लॅबला आपला प्रश्न नेऊन दिला, पेपर त्यांच्या नावाने छापला जाईल. आपल्या हातात काय?

मृगबाग

भाऊ, राग अजिबात नाही. हा प्रश्न मी स्वतःला तीन महिने रोज विचारला.

तिथे मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. आपली रोगट पानं मला नेता आली नाहीत. तिथले वनस्पतींच्या क्वारंटाइनचे नियम आडवे येतात आणि इकडे आपला २००२चा जैवविविधता कायदा. ते बरोबरच आहे. आपल्या शेतातला विषाणू कोणी पर्समध्ये घालून नेऊ नये. मी फक्त प्रश्न आणि वही नेली. काम त्यांच्याकडच्या विषाणूवर आणि तिथल्या तणावर.

मावा आधी काचेच्या बाटलीत तासभर उपाशी ठेवायचा. मग ओल्या ब्रशच्या टोकाने, पाण्याचे रंग देतो तसला अगदी बारीक ब्रश, एकेक मावा उचलून रोगट तणाच्या पानावर ठेवायचा. जोरात उचलला तर सोंड तुटते आणि तो मेला. त्याने सोंड टेकली की घड्याळ सुरू, एक-दोन मिनिटं, लगेच उचलून निरोगी काकडीच्या रोपावर. एका दिवशी असे दोनशे मावे. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे मरायचे. मग तीन आठवडे रोपांवर डोळे लावून बसायचं. जाळीच्या खोलीत कोणाला शिरू द्यायचे नाही, एक चुकार मावा शिरला की सगळी तुकडी बाद. माझी एक तुकडी अशीच बाद झाली आणि अठरा दिवस गेले. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा लाव." एवढंच. बाकी एक शब्द नाही.

निकाल काय आला तर आमच्या तुकडीत तणावरून उचललेला विषाणूही काकडीत सहज उतरला. मावा काही तासांतच तो गमावतो, हे जगाला आधीच माहीत होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. यावर पेपर नाही, अहवाल आहे. तो माझ्या नावाने आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय, तर मी परत आल्यावर आम्ही लागणीच्या आधी महिनाभर बांधावरचा केना, रानटी भोपळा आणि जुन्या मिरचीचे खुंट काढून टाकले. शेजारच्या दोघांनीही काढले. केळीत काकडी-टरबुजाचं आंतरपीक घेतलं नाही. यंदा आमच्याकडे हरण्याची झाडं कमी निघाली. एका हंगामावरून मी काहीच ठामपणे म्हणणार नाही, पाऊसही यंदा वेगळा होता. पुढच्या वर्षी वीस शेतांवर हे मांडून करायचं आहे. तुमचं शेत द्याल का त्यात? खरंच विचारतेय.

नवती

देतो. कांदेबागेचं, पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचं, पण घ्या मग, नुसती मृगबाग नको.

पांझराकाठ

मी धुळ्याकडच्या एका महाविद्यालयात शिकवतो. शिक्षकांच्या बाजूने दोन गोष्टी लिहायलाच हव्यात, कारण चूक आमचीही आहे.

शिफारसपत्र. विद्यार्थी मुदतीच्या आदल्या दिवशी येतो आणि आम्ही जुन्याच पत्रात नाव बदलून देतो. "मेहनती आणि प्रामाणिक." असं पत्र वाचणाऱ्याला काहीही सांगत नाही. आता मी नियम केला आहे. पत्र हवं असेल तर तीन आठवडे आधी या आणि स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी घेऊन या. प्रयोगवही, सर्वेक्षण, मोडकं यंत्र, काहीही. मी त्याबद्दल लिहीन.

याचं एक उदाहरण देतो. पांझरेवर फड पद्धत आहे, इथल्या लोकांना सांगायला नको. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी वाटायला गावानेच नेमलेले पाटकरी, जागल्या, हवालदार. शेकडो वर्षांची व्यवस्था. आमचा सिव्हिलचा एक विद्यार्थी त्याच भागातला. आजोबा पाटकरी होते. त्याने उन्हाळाभर जुन्या पाटाची लांबी-रुंदी-उतार टेपने आणि पाण्याच्या नळीने मोजला. साधी प्लास्टिकची नळी, गवंडी वापरतात तीच. पाट कुठे गाळाने भरला, कुठे विहिरी झाल्यावर सोडून दिला, हे नकाशावर मांडलं. त्याच्या पत्रात मी फक्त त्या नळीबद्दल लिहिलं. तो कॅनडात बारा आठवडे भूजलाच्या गटात काम करून आला. तिथल्या प्रोफेसरांनी त्याला पहिल्या दिवशी विचारलं, "नळीने उतार मोजलेला तूच का?"

दुसरं, परदेशाच्या आधी देशातली पायरी चढा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत. मुंबईच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. ज्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते त्यांच्या वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, आणि आपल्याकडची बरीच मुलं तो प्रकल्प कागदावर उरकतात. तो नीट करा. विद्यापीठाच्या आविष्कार संशोधन स्पर्धेत उतरा. तिथे परीक्षकांसमोर उभं राहून स्वतःच्या कामाबद्दल बोलायची सवय लागते, परदेशी मुलाखतीत तीच उपयोगी पडते.

बीएस्सीच्या मुलांसाठी आणखी एक. पूर्वी तीन वर्षांची पदवी असल्याने दुसऱ्या वर्षात अर्ज करावा लागायचा आणि बहुतेक कार्यक्रमांत ती मुलं बसतच नव्हती. आता चौथं वर्ष आलं आहे. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा मोकळा मिळतो आणि परतल्यावर पदवीही चालू असते. हा उन्हाळा वाया घालवू नका.

अक्राणी

सर्वांना नमस्कार. मी धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरचा, सध्या नंदुरबारला वसतिगृहात, बीएस्सी दुसरं वर्ष. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहायचं धाडस करतोय. नेटवर्क गेलं तर उत्तर उशिरा देईन.

माझ्या धाकट्या बहिणीची शाळेत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली. "पॉझिटिव्ह" म्हणून सांगितलं. ती नुसती वाहक आहे की रुग्ण, हे तीन महिने कोणी सांगू शकलं नाही. आईने तिला पाणी भरायला जाऊ देणं बंद केलं. गावात बोलणं सुरू झालं की हिचं लग्न कसं होणार. तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला, वाहक आहे. म्हणजे ती ठीक होती. मी वाचलं तेव्हा कळलं की पहिली जी चाचणी करतात, विद्राव्यतेची, तिच्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळतच नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते, आणि ते यंत्र आमच्या डोंगरात नाही.

मला यावर काम करायचं आहे. पाड्यावरच फरक कळेल अशी स्वस्त चाचणी. कॉलेजात विचारलं तर म्हणाले, "आधी पास हो, हे तुमच्यासाठी नाही." आदिवासी मुलांना परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती असते असं ऐकलंय, ती यासाठी चालेल का?

मृगबाग

दादा, तुझा प्रतिसाद मी तीनदा वाचला. इथे लिहिलेल्या सगळ्यांमध्ये तुझा प्रश्न सर्वात तयार आहे.

पांझराकाठ

बाळा, पहिल्यांदा हे. "तुमच्यासाठी नाही" म्हणणाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस. तू चाचणीची मर्यादा जशी दोन ओळींत लिहिलीस तशी एमएस्सीची मुलं लिहू शकत नाहीत.

सरकारी परदेश शिष्यवृत्त्या, आदिवासी विकास विभागाची असो, समाजकल्याणची राजर्षी शाहू असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, त्या तिथल्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत, मुख्यतः पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी. तीन महिन्यांच्या उन्हाळी प्रकल्पाला चालत नाहीत. पण लक्षात ठेव, कारण दोन-तीन वर्षांत तुला त्याच लागतील. आत्तासाठी भुसावळकरांनी सांगितलेले कार्यक्रम आणि त्याही आधी अकादमींची शिष्यवृत्ती.

आणि एक सावधगिरी. माणसांचं रक्त घेऊन करायचं काम नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. परदेशी संस्थेबरोबर करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही परवानगी लागते. तू स्वतः गावात जाऊन नमुने गोळा करायला लागू नकोस, कोणी सांगितलं तरी. आपल्या डोंगरातल्या लोकांचं रक्त न सांगता-विचारता बाहेर जाऊ नये, हे तूच सर्वात चांगलं जाणतोस.

अक्राणी

सर, नमुने नाही घेणार. आईनेच सांगितलंय, "बहिणीचं रक्त एकदा दिलं तेवढं पुरे." मग माझ्याकडे दाखवायला काय? ताईंकडे वही होती.

भुसावळ जंक्शन

तुझ्याकडेही आहे. पहिल्या चाचणीच्या दिवसापासून दुसरा रिपोर्ट घरात येईपर्यंतचा प्रत्येक टप्पा लिही. कुठून कुठे गेला, किती दिवस कुठे पडला, कोणी काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं. तुझ्या घराची गोष्ट आहे, आईला आणि बहिणीला विचारून, नाव न घालता लिही. स्वस्त निदान-चाचण्यांवर काम करणारे गट जर्मनीत आणि इतरत्र आहेत. त्यांच्याकडे यंत्र असतं, रसायन असतं. पाड्यावर कागद कुठे अडतो हे त्यांना कोणी सांगत नाही. मेलचा मसुदा मला इथल्या निरोपात पाठव, मी इंग्रजी तपासतो. वाक्यं तुझीच ठेवू.

तापीपार

पोराला तुमचा सगळा धागा मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला. पैसे भरले नाहीत. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, आपल्या ड्रिपच्या फिल्टरमध्ये क्षार का साठतो, ते मी कधी पाहिलंच नाही." आज सकाळी फिल्टर उघडून बसलाय. माझं मोटर चालू करायचं काम अडलंय, पण असू दे.

अक्राणी

नेटवर्क नव्हतं, चार दिवसांनी लिहितोय. भुसावळ दादा, मसुदा पाठवलाय. बहिणीने वाचला, एका ठिकाणी म्हणाली, "तीन महिने नाही, शंभर दिवस होते, मी मोजले होते." ते बदललं.

एक अडचण. पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो तर माझा जन्म दाखला नाही, घरीच जन्मलो होतो. आणि दहावीच्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. असं असेल तर होतच नाही म्हणे.

पांझराकाठ

होतं. जन्म दाखला सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. तुला शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र चालतं. स्पेलिंगसाठी मार्कशीट प्रमाण धर आणि आधार त्याप्रमाणे करून घे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून काउंटरवर पावती वाचून मगच उठ. मार्कशीटच चुकीचं असेल तर रस्ता लांबचा आहे, बोर्डाकडे जावं लागतं. आधी दाखला आणि मार्कशीट शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघ आणि इथे कळव.

अक्राणी

ताडून पाहिलं सर. दाखला आणि मार्कशीट सारखं आहे, फक्त आधारचंच चुकलंय. धडगावला बाजार असतो त्या दिवशी गाडी मिळते. आधार केंद्रावर जाऊन येतो.

मृगबाग

पावतीचा फोटो काढून ठेव, दादा. आणि जाऊन आलास की इथे लिही.